चार पुडांचा स्टीलचा डबा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा डबा मी एप्रिलमध्ये घेतला, रविवार पेठेतल्या बोहरी आळीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून. किंमत १,१५० रुपये, वर नाव घालायचे २०. रिकाम्या डब्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास. खालचा पूड उंच आहे, त्यात पाऊण लिटर आमटी मावते. वरचे तीन त्याहून बुटके. दोन्ही बाजूंनी पट्ट्या, वर कडी आणि कडीखाली खटका. पोळ्या, भाजी, वरण-भात असं एका माणसाचं जेवण त्यात आरामात बसतं, दोघांचंही बसेल.

मी निवृत्त नर्स आहे. गुरुवार पेठेत तीन मजली जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. पंचहौदचं पवित्र नाम देवालय, म्हणजे तिथलं चर्च, ही माझी मंडळी. लहानपणापासून रविवारची उपासना तिथेच. हा डबा माझ्या जेवणासाठी नाही, वरच्या मजल्यावरच्या काकांसाठी आहे, आणि ते माझ्या घरचं खात नाहीत. मग डबा घेतला कशाला, हे सांगितल्याशिवाय त्याचे गुणदोष कळायचे नाहीत.

काका चौऱ्याऐंशी वर्षांचे. जैन. काकू गेल्या त्याला आता नऊ-दहा महिने झाले. मुलगा बंगळुरूला. काकू गेल्यावर मी रोज रात्री काकांसाठी प्रार्थना करत होते. मनापासून करत होते, त्यात खोट नव्हती. पण महिनाभराने ते जिन्यात भेटले तेव्हा सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली दिसली. इतकी वर्षं वॉर्डात काढली आहेत, वजन उतरलेलं मला तराजूशिवाय कळतं. मी ज्या महिन्यात त्यांचं नाव देवापुढे घेत होते, त्याच महिन्यात माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर हा माणूस चहा-खाखऱ्यावर दिवस काढत होता. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात अगदी हेच आहे. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, पोटाला नाही, आणि आपण म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा, आणि देत मात्र काहीच नाही. तो उतारा मी शंभरदा ऐकला असेल. त्या दिवशी तो जिन्यात ऐकू आला.

दुसऱ्याच दिवशी माझ्या जुन्या डब्यातून मऊ भात, तूप आणि दुधीची भाजी घेऊन वर गेले. कांदा-लसूण काही घातलं नव्हतं. काकांनी दार उघडलं, डब्याकडे पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, "सिस्टर, राग मानू नका. तुमच्याकडे मांस शिजतं. त्या भांड्यातलं मला नाही चालणार."

मला लागलं, खोटं कशाला बोलू. डबा घेऊन खाली आले. तो भात मी एकटीने खाल्ला आणि मनात म्हटलं, आपण केलं, त्यांनी नाकारलं, आपलं काम झालं.

त्या रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलले. आमच्या पंचहौदला खाण्यापिण्याचा इतिहास आहेच. १८९० च्या ऑक्टोबरात इथल्या मिशनमध्ये पुण्यातल्या मोठ्या मंडळींना चहा दिला गेला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. ख्रिस्त्यांकडच्या त्या चहावरून शहरात केवढं वादळ उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मला वाटलं, पाळकसाहेब म्हणतील, सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी माणसं तिथेच. पण त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला. याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, तेव्हा तिथे लिहिलंय की यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. पाळकसाहेब म्हणाले, मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ असाही लावतात की ते एकमेकांची भांडी वापरत नसत. मग म्हणाले, "येशूकडे पोहरा नव्हता. त्याने तिच्या भांड्यातलं पाणी मागितलं. तुम्ही स्वतःचं भांडं घेऊन गेलात. काकांना काय चालतं, ते विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. मी दुधीची भाजी ठरवली, वेळ ठरवली, भांडं ठरवलं, सगळं मीच.

वर जाऊन विचारलं. काकांनी सगळं नीट समजावलं. कंदमुळं नाहीत. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद. रात्रीचं राहिलेलं सकाळी चालत नाही. आमच्या घरापासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर जैन भोजनशाळा आहे, काकू असताना दोघं कधीमधी तिथे जेवायला जात. आता गुडघे जिना उतरू देत नाहीत. तिथे डबा भरून देतात, पण आणणार कोण? आणि घरातली भांडी लग्नाकार्याची, मोठाली. म्हणून डबा. ज्याला अंडं-मांस कधी लागलेलं नाही आणि लागणार नाही, असा नवा कोरा डबा, जो राहील त्यांच्याच घरी, धुतील तेच, आणि मी फक्त नेणार-आणणार.

आता वस्तूबद्दल.

स्टील चांगलं आहे. दुकानदार '३०४' म्हणाला, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचं. लोक लोहचुंबक लावून बघतात, मीही पर्समधून नेलं होतं. पण त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४च असं नाही, २०२ प्रकारचं स्वस्त स्टीलही सहसा चिकटत नाही. खरा फरक वर्ष-दोन वर्षांनी दिसतो, हलकं स्टील आंबट-खारट पदार्थांनी डागाळतं. आठ महिन्यांत रोज कोकमाची कढी नाहीतर ताक जाऊनही तळाला अजून एक ठिपका नाही.

खटका हा या डब्याचा सगळ्यात मोठा गुण. माझ्या जुन्या डब्याला बारीक तारेची कडी होती. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावर राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला डेंग्यू झाला होता, त्याला मुगाचं कढण नेताना ती तार जिन्यातच सुटली. चार पायऱ्या पिवळ्या झाल्या आणि तापलेलं पोर भिंतीला धरून उभं होतं. या डब्याचा खटका दाबला की 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय मी भोजनशाळेच्या पायरीवरून पाऊल उचलत नाही. मात्र खालचा पूड काठोकाठ भरू नये. आत वायसर नाही, बोटभर जागा सोडली नाही तर आमटी पाझरते. वाढणाऱ्या भाऊंना आता सांगावं लागत नाही.

दोष दोन. एक, डबा एकेरी पत्र्याचा आहे, अन्न गरम राहत नाही. सात-आठ मिनिटं चालून जिना चढेपर्यंत पोळ्या कोमट होतात. मी जुन्या सुती साडीचं फडकं गुंडाळते, त्याने बराच फरक पडतो. दुसरा दोष जास्त त्रासाचा. पुडाची कड बाहेरून दुमडलेली आहे आणि त्या दुमडीत पाणी, पीठ, तेल अडकून काळं साठतं. काकांची नजर अधू, त्यांना ते दिसत नाही. दर रविवारी उपासनेहून आल्यावर मी वर जाते आणि त्यांच्याच मोरीत, त्यांच्याच ब्रशने ती कड साफ करते. कड गुळगुळीत असलेला डबा मिळाला तर शंभर रुपये जास्त द्या.

नाव घालण्याची गंमत सांगायलाच हवी. दुकानदाराने मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "काय नाव घालू?" भांड्यावर आपलं नाव घालायचं, हे आईपासून डोक्यात बसलेलं. माझं आडनाव ओठांवर आलं होतं. ते घातलं असतं तर आयुष्यभर त्या डब्यावर माझं दान कोरलेलं राहिलं असतं. काकांचं नाव घालावं तर त्यांना विचारलेलं नाही. शेवटी म्हटलं, "दुसरा मजला असं घाला." त्याने मान वर करून पाहिलं, पण काही न बोलता ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत घालून दिलं. काकांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

चार पूड घेण्यात माझी चूक झाली असं पहिल्या आठवड्यात वाटलं. चौथ्यात सकाळच्या न्याहारीला काही घेऊ, असा हिशेब होता, आणि वासी चालत नाही हे तर त्यांनी आधीच सांगितलं होतं. एका माणसासाठी तीन पुडांचा पुरतो. पण आठवडाभराने मी डबा न्यायला वर गेले तेव्हा वरचा पूड जड लागला. उघडला तर खडीसाखर. काका म्हणाले, "डबा रिकामा कसा पाठवू?" तेव्हापासून चौथा पूड त्यांचा. कधी चार बदाम, कधी दोन खाखरे, एकदा नुसते तांदूळ मूठभर, कारण घरात दुसरं काही नव्हतं. मी ते माझ्या दारातल्या वाटीत काढून घेते आणि मग निघते. घ्यायला मला सुरुवातीला जड गेलं. नर्सला द्यायची सवय असते, घ्यायची नसते.

जाताना डबा हलका असतो, तेव्हा मी प्रार्थना करते. आमच्या जिन्यातल्या एकेका दाराची. तळमजल्याची मुलं, त्यांचा निकाल. माझ्या समोरच्या घरातली बाळंतीण, तिला झोप मिळो. मग काका. येताना डबा जड, रस्त्यावर दुचाक्या, तेव्हा लक्ष पावलांकडे. देवळात आजाऱ्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना होते, तिथे काकांचं नाव मात्र मी त्यांना विचारूनच दिलं. डब्याबरोबर कधी पत्रक दिलं नाही, वचनाची चिठ्ठी घातली नाही. भुकेल्या माणसाच्या जेवणाला अट जोडणं मला पाप वाटतं. येशूबद्दल त्यांनी विचारलं तर सांगेन, आनंदाने सांगेन.

विचारलं त्यांनी एकदा, पण वेगळंच. "सिस्टर, माझ्यासाठी काय मागता तुम्ही?"

म्हटलं, "गुडघे बरे व्हावेत. आणि मुलाचा फोन यावा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोनच मागा. गुडघे राहू द्या."

तेव्हापासून फोन मागते. रोज येत नाही, पण आधीपेक्षा जास्त येतो. एवढंच मी लिहू शकते, कारण खरं तेवढंच आहे.

पर्युषणात, जैनांच्या उपवासाच्या पर्वात, डब्याला सुट्टी होती. काकांचे उपवास चालू होते, मी फक्त पाणी उकळलंय ना हे बघायला जायचे. संवत्सरीला, त्या पर्वाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी दारावर काठीचा आवाज. काका एक मजला उतरून आले होते, कठडा धरून, कपाळावर घाम. हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. मला माहीत आहे, त्या दिवशी सगळ्यांचीच क्षमा मागायची असते. पण पुढे म्हणाले, "तो दुधीचा डबा परत पाठवला, त्याचंसुद्धा." मला काही सुचेना. प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ तोंडून गेली, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड." त्यांनी ती पुन्हा म्हणायला लावली, सावकाश. मग मी त्यांचा हात धरून वर पोहोचवलं. बावीस पायऱ्या, मध्ये दोनदा थांबलो.

ज्यांना एकट्या वयस्कर शेजाऱ्यासाठी डबा घ्यायचा आहे त्यांना हा घ्या असं जरूर सांगेन. तीन पूड पुरतात, तरी चारच घ्या. घेण्याआधी दुकानात पाणी भरून, खटका लावून, हातात धरून दहा पावलं चालून बघा. आणि त्याच्याही आधी ज्यांच्यासाठी घेताय त्यांच्या दारात बसून काय चालतं, कधी चालतं, कोणाच्या हातचं चालतं हे सगळं विचारून घ्या. मी उलट्या क्रमाने केलं आणि काकांचा एक महिना उपाशी गेला.

जूनमध्ये सात वाजून गेले तरी उजेड असतो, तेव्हा सावकाशीने जाता येतं. आता डिसेंबर आहे, सहालाच सूर्य मावळतो. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झालीत, वर जाऊन डबा आणते.