इंजिन हाताने फिरत होतं

नव्वद हजार रुपये मी घालवले ते पान्याच्या दोन फेऱ्यांपायी.

गाडी होती सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटांची, कापडी टपाची, फायबरच्या बॉडीची. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद साठेक हॉर्सपॉवर. आजकालची पोरं हिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर हसतील. पण कॉलेजात असताना एकदा बडोद्याच्या अलकापुरीत टप उघडा टाकून जाताना बघितली होती, तेव्हापासून ती डोक्यात बसली. त्यात जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला. तिथे तीन तास उन्हात फिरलो आणि घरी येऊन जाहीर केलं की एखादी बंद गाडी घेऊन स्वतः उभी करणार. बायको म्हणाली, "अहो, हॉलमधलं घड्याळ दोन वर्षं बंद आहे, आधी ते उभं करा."

विकणारा बडोद्याचाच, मराठी, माझ्याच वयाचा. आजोबा गायकवाडी नोकरीत, घर मूळचं दांडिया बाजारातलं, वगैरे. पहिल्या भेटीत शेव-उसळ त्याने खिलवली, पैसे मला देऊ दिले नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण परक्या माणसाला मी जे चार प्रश्न विचारले असते ते याला विचारायला मला संकोच वाटला. गणपतीत ओळखीचे निघतील अशा माणसाला "मूळ मालक कोण, दाखव" म्हणायचं कसं!

गाडी मांजलपूरला एका शेडमध्ये होती. चार वर्षं बंद, "पेट्रोल पंप आणि बॅटरी, एवढंच काम" असं तो म्हणाला. एवढं एक वाक्य सोडलं तर त्याने मला फारसं खोटं सांगितलंच नाही. जे दाखवलं ते दाखवलं, निष्कर्ष माझे मी काढले.

बॉडीवर गंजाचा ठिपका नाही. फायबरला गंज चढतच नाही, हे मला ठाऊक होतं, तरी बघून बरं वाटलं. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल बघायची पट्टी, काढली तर तेल मधासारखं स्वच्छ. मी खूश. चार वर्षं बंद पडलेल्या गाडीत कोरं तेल कशाला घातलं असेल, हे विचारायचं सुचलं नाही. मग त्याने क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो इंजिनाचा दांडा, त्याच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून माझ्या हातात दिला. "फिरवून बघा, जाम आहे का." चारही स्पार्क प्लग आधीच काढून ठेवलेले, त्या भोकांतून थोडं तेल सोडलंय, म्हणाला. बंद इंजिन फिरवण्याआधी असंच करतात हे मी वाचलेलं होतं, त्यामुळे माणूस जाणकार आहे अशी खात्री पटली. पाना लोण्यातून सुरी जावी तसा फिरला. पूर्ण दोन फेरे. इंजिन जाम नाही म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असं मला वाटलं. तिथेच पंधरा हजार टोकन दिलं, आठवड्याने बाकीचे पंच्याहत्तर.

टोइंगवाल्याने गाडी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, ओळखीच्या मिस्त्रींकडे टाकली. त्यांनी प्लग लावले, पाना फिरवला आणि भुवया चढवल्या. प्लग लावल्यावर प्रत्येक सिलिंडरला हाताला दाब लागायला हवा. इथे दोनदा लागला, दोनदा नाही. सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं: दोन सिलिंडरांत काटा हललाच नाही. मग गाडी वर घेतली, इंजिनाच्या तळाचं ऑइल चेंबर उतरवलं. मिस्त्री खाली झोपून टॉर्च मारत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, आमां तो बे ज पिस्टन छे." चारऐवजी दोनच पिस्टन!

मी पण खाली सरकलो. क्रँकच्या दोन पिना उघड्या, त्यांवर पिस्टनला जोडणारे कनेक्टिंग रॉडच नाहीत. दोन सिलिंडरांत खालून उजेड टाकला की थेट हेडचे व्हॉल्व दिसत होते. इंजिन हलकं का फिरलं ते तेव्हा कळलं. त्यात अर्धं सामानच नव्हतं.

हे कशाने झालं तेही मिस्त्रींनी सांगितलं, आणि बडोद्यात राहून मला ते आधी सुचायला हवं होतं. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री 37 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 26 असताना. कितीतरी पार्किंगमध्ये गाड्या टपापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर कुणी तरी चावी मारून बघतोच. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि रॉड वाकतो. या गाडीचे दोन वाकले असणार. कुणी तरी हेड उघडून ते दोन पिस्टन काढले, परत बंद केलं, कोरं तेल ओतलं. हा बनाव विकणाऱ्याचा की त्याच्याही आधीच्याचा, ते मला आजही सिद्ध करता येत नाही.

मी सीटबेल्ट ओढला. शेवटपर्यंत. रोज वापरात येतो तेवढा पट्टा धुऊन स्वच्छ केलेला, आणि शेवटची वीतभर, जी एरवी खांबाच्या आत गुंडाळलेली राहते, तिच्यावर तपकिरी गाळाची सरळ रेघ. नखाने खरवडली तर माती पडली. पाच सेकंदांचं काम, आणि फुकट. मग कार्पेट उचललं. वर चकचकीत फायबर, खाली लोखंडी सांगाड्याचे पापुद्रे सुटलेले. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर एका जागी आरपार गेला. ज्या बॉडीवर मी भाळलो तिनेच हे सगळं झाकलं होतं.

कागदांची गोष्ट लवकर आटोपतो. गाडी एमएच पासिंगची, आरसी 2018 लाच संपलेली. विकणारा कागदावर मालक नव्हताच; त्याच्याकडे मूळ मालकाच्या सह्यांचे कोरे फॉर्म 29 आणि 30, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे, होते. एजंटने सांगितलं की राज्य बदलायचं तर आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28. मूळ मालकाच्या घरचा पत्ता शोधून फोन केला तर कळलं, ते वारलेत. मग त्या सहीला काही अर्थ उरला नाही. मालक वारल्यावर लागतो त्या फॉर्म 31 वर, वारसांकडून, नव्याने सुरुवात. त्यात नूतनीकरणाची फी वीस वर्षांवरच्या चारचाकीला आता 10,000, वर उशिराचे महिन्याला 500. आणि तपासणीला गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. दोन पिस्टनांवर!

विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, स्टॅम्प पेपर वाचलात ना?" त्यावर लिहिलं होतं: गाडी जशी आहे तशी, बघून, तपासून घेतली. सही माझी. मी पोलिसांत अर्ज दिलाय. वकील म्हणतात, मालक मेल्याचं लपवून त्याच्या सहीवर गाडी विकली हा मुद्दा धरा, इंजिनचं विसरा, कारण पाना तुम्हीच फिरवला होता. त्याप्रमाणे नोटीस गेली आहे. उत्तर नाही.

या इंजिनाचे पिस्टन-रॉड इथे मिळत नाहीत. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओत होतं, तिथून मागवायचे तर भाव ऐकून मी गप्प बसलो. सांगाडा कापून नवा जोडायचा खर्च वेगळाच.

गाडी अजून मकरपुऱ्यात ताडपत्रीखाली आहे. मागच्या आठवड्यात आणंदहून एका मुलाचा फोन आला, गाडी विकता का म्हणून. पहिलाच प्रश्न, "इंजिन हाथे फरे छे ने?" फिरतं, म्हणालो. मग ऑइल चेंबर उतरवल्यावर काढलेले फोटो आणि सीटबेल्टचा एक त्याला पाठवले. दोन निळ्या टिका दिसल्या. फोन काही परत आला नाही.