बायबल कुणासोबत बसून वाचायचं? तीन बैठकांची तुलना

माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं. माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगरकडचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळीतलं. हॉल, जेवण, साड्या सगळं दोन बैठकांत मिटलं. सासूबाईंनी प्रेमाने बायबलची प्रत भेट दिली, हिने ती रात्री चाळली आणि मला फोन केला, "ताई, यात मक्काबी नाहीच गं!"

नाहीच. मक्काबी ही कॅथलिक बायबलातली पुस्तकं. तिच्या माहेरच्या बायबलात ७३ पुस्तकं, सासरच्या बायबलात ६६. पुढचा प्रश्न तिनेच विचारला: "मग मी अभ्यासाला बसू कुणाकडे? आपल्या फादरांकडे, तिकडच्या पाळकसाहेबांकडे, की तू केलास तसला इतिहासाचा कोर्स करू?" तिन्ही ठिकाणी बसून झाल्यामुळे मला बोलायचा थोडा अधिकार आहे. फोनवर सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर.

आधी एक गैरसमज. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळे तेच पुस्तक वाचतात आणि मग हट्टाने वेगवेगळे अर्थ काढतात. प्रत्यक्षात अर्थ काढण्याआधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं. पुस्तकं किती, हेच बघा ना. बायबलचे दोन भाग: येशूच्या आधीचा जुना करार आणि येशूपासून पुढचा नवा करार. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात असलेली काही पुस्तकं हिब्रू संग्रहात नव्हती. पोपशी फारकत घेऊन प्रॉटेस्टंट वाट सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५३४च्या आपल्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून ठेवली: वाचायला चांगली, पण शास्त्राच्या तोडीची नाहीत. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ती शास्त्रच आहेत असं जाहीर केलं. याचा परिणाम कुठे दिसतो? २ नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमीत. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या आणि मृतांसाठी प्रार्थना. मृतांसाठी प्रार्थना केल्याचा ठळक दाखला दुसऱ्या मक्काबीच्या १२व्या अध्यायात आहे. "शास्त्रात कुठे आहे हे?" असं सासरचं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच: माझ्या प्रतीत आहे, तुमच्या प्रतीत नाही.

मग येतो स्वल्पविराम. ही मला सगळ्यात आवडणारी जागा. लूकने लिहिलेल्या येशूचरित्राच्या २३व्या अध्यायात शेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशू काय म्हणतो, ते मराठीत विरामचिन्हांशिवाय लिहून बघा: "मी तुला खचित सांगतो आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील." 'सांगतो' नंतर स्वल्पविराम दिला तर तो माणूस आजच सुखलोकात पोचला. 'आज' नंतर दिला तर सांगणं आजचं, पोचणं केव्हातरी. बहुतेक सगळ्या मंडळ्या पहिली जागा घेतात. मेलेले पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतात असं मानणारे यहोवाचे साक्षीदार दुसरी घेतात. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत असली चिन्हं जवळपास नव्हतीच, शब्दांमध्ये मोकळी जागासुद्धा नसे. म्हणजे मरणानंतर काय होतं हे आधी ठरलं आणि चिन्ह मागून आलं.

वचनांचे आकडेही मागाहूनचेच. अध्याय पडले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि नव्या कराराला आजचे वचन-क्रमांक दिले रोबेर एस्तिएन या मुद्रकाने, १५५१ मध्ये. आकडा लागला की वाक्य सुटं होतं. सुटं झालं की ते कॅलेंडरवर छापता येतं, भांडणात फेकताही येतं.

म्हणून कोणत्याही बैठकीत गेले की मी एकच कसोटी लावते: त्यांना अडचणीचं जे वचन आहे, त्याचं ते काय करतात? आवडतं वचन सगळेच सुंदर समजावतात.

फादरांकडे

इथे शास्त्राच्या जोडीला परंपरा असते आणि अर्थाबद्दल अंतिम शब्द चर्चच्या शिकवण्याच्या अधिकाराचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट लिहिलं, वर हेही लिहिलं की हा अधिकार देववचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात बांधलेली. येशूची चार चरित्रं आहेत, त्यांतलं एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मध्ये मध्ये. त्यामुळे फादरांना आवडत्या चार उताऱ्यांवर वर्ष काढता येत नाही, हा फार मोठा फायदा आहे.

अडचणीचं वचन मार्क ६:३. नासरेथचे लोक येशूबद्दल म्हणतात, हा याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ ना? मरिया आजन्म कुमारी होती असं चर्च मानतं, मग हे भाऊ कुठले? चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या धर्मपंडिताने उत्तर दिलं की हे सख्खे नव्हेत, मावसभाऊ. मराठी माणसाला हे चटकन पटतं. आपल्याकडे मावसभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ सगळे 'भाऊ'च, गावाकडे तर अख्खी भावकी. पण ग्रीकमध्ये अशा भावाला वेगळा शब्द आहे आणि नव्या करारातल्या कलस्सैकरांच्या पत्रात तो वापरलेलाही आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचं तिसरंच: ही योसेफाची आधीच्या लग्नाची मुलं. गंमत म्हणजे लूथर स्वतः मरियेला आजन्म कुमारीच मानत होता.

माझ्या वर्गात एका बाईंनी हे विचारलं तेव्हा शिकवणारे फादर सरळ म्हणाले, "हे आपण या वचनातून काढत नाही. परंपरेतून घेतो आणि मग हे वचन त्या उजेडात वाचतो." मला हे उत्तर आवडलं. पटलं की नाही, हा वेगळा प्रश्न.

तोटा? बऱ्याच ठिकाणी उत्तरं तयार मिळतात म्हणून माणसं पुस्तक उघडतच नाहीत. माझ्या आजीला रोझरी पाठ होती, पण हबक्कूक हे पुस्तक आहे की गाव, हे तिला सांगता आलं नसतं.

पाळकसाहेबांकडे

इथलं सूत्र: शास्त्र, आणि शास्त्रच. प्रत्येकाच्या मांडीवर बायबल, कडेला पेन्सिलीच्या खुणा. नगरकडच्या म्हाताऱ्या बायका स्तोत्र २३ तर म्हणतातच, रोमकरांस पत्रातले उतारेही तोंडपाठ म्हणतात. वचन सामान्य माणसाच्या हातात पोचावं, ही तळमळ या बाजूला जबरदस्त. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं.

पण पंच नसेल तर सामना कसा संपायचा? ऑक्टोबर १५२९. जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंगली समोरासमोर बसले. दोघेही पोपला सोडलेले, दोघेही शास्त्रच मानणारे. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यावर, प्रभुभोजनावर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीवर, गाडी अडली. लूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं: हे माझे शरीर आहे. त्याचं म्हणणं, 'आहे' म्हणजे आहे. झ्विंगलीचं म्हणणं, 'आहे' म्हणजे 'दर्शवतं'. येशू 'मी दार आहे' म्हणतो, 'मी द्राक्षवेल आहे' म्हणतो, तिथे कुणी बिजागऱ्या शोधत नाही. भर म्हणजे येशू बोलायचा त्या अरामी भाषेत अशा वाक्यात 'आहे' बहुधा नसतंच, आपण 'हे माझं घर' म्हणतो तसं. ज्या शब्दावर दोन मंडळ्या फुटल्या तो मूळ तोंडी उच्चारलाच गेला नसण्याची दाट शक्यता!

अडचणीचं वचन याकोब २:२४: माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी नीतिमान ठरतो. लूथरने रोमकरांस ३:२८ चं भाषांतर करताना मुळात नसलेला 'केवळ' हा शब्द घातला होता, 'केवळ विश्वासाने'. चांगलं जर्मन असंच बोलतं, हा त्याचा बचाव. याकोबाच्या पत्राला त्याने गवती काडीचं पत्र म्हटलं. केवळ विश्वास की कृत्यंही, या एका वादावर लूथरन (लूथरचे अनुयायी) आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ ला. काही जखमा अशा साडेचारशेहून जास्त वर्षांनी सुकतात.

याहून काळं प्रकरण गुलामीचं. अमेरिकेत दक्षिणेतले बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे लोक १८४५ मध्ये वेगळे झाले, कारण गुलाम बाळगणारा मिशनरी होऊ शकतो की नाही यावर फाटलं. एका बाजूला इफिसकरांस ६:५, दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा. दुसऱ्या बाजूला गलतीकरांस ३:२८, दास नाही की स्वतंत्र नाही. दोन्ही बाजूंना बायबल पाठ. वेगळ्या झालेल्या मंडळीने माफी मागितली १९९५ मध्ये. मुळात 'वचन स्पष्ट आहे' म्हणणाऱ्यांनाही त्याच्या स्पष्टपणाची धास्ती असावी. लंडनमध्ये १८०७ साली वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे 'निवडक भाग' छापले. त्यातून इस्राएल लोक मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटतात तो भाग गाळलेला. अर्थ बदलण्यापेक्षा पानंच काढणं सोपं.

याच बैठकीचं एक टोक म्हणजे अक्षरशः वाचणारे. मार्कच्या १६व्या अध्यायात विश्वासणारे साप उचलतील असं आहे, म्हणून अमेरिकेच्या अॅपलेशियन डोंगराळ भागात उपासनेत खरोखर विषारी साप हातात धरतात. या प्रथेचा प्रमुख प्रचारक जॉर्ज हेन्स्ली १९५५ मध्ये साप चावूनच मेला. आपल्याकडचे अक्षरशःवाले साप धरत नाहीत, पण 'पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा' या पौलाच्या आज्ञेवर सगळे हात जोडून 'जय ख्रिस्त' म्हणतात. मी एकदा हे बोलून दाखवलं. पुढच्या आठवड्यात मला चहा मिळाला नाही.

सासरच्या मंडळीबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणारे होते आणि मोठेपणीच घ्यावा म्हणणारेही. त्यांनी वाद मिटवला नाही, दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. पुढे बहिणीला मूल होईल तेव्हा हे कामाला येईल.

इतिहासाच्या वर्गात

इथे पहिला प्रश्न: हे कुणी, कुणासाठी, केव्हा लिहिलं? उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवले की पहिल्यात आधी पशू आणि मग माणूस, दुसऱ्यात आधी माणूस आणि मग पशू. मार्कचा तो सापांचा उतारा सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीच, त्यांत मार्क १६:८ ला संपतो, बायका भ्याल्या इथे. हेन्स्लीला हे कुणी सांगितलं असतं तर, असं मला वाटून गेलं. ही पद्धत चर्चच्या विरोधातली आहे असंही नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्येच कॅथलिक अभ्यासकांना मूळ भाषा आणि लेखनप्रकार यांच्या आधाराने वाचायला सांगितलं.

अडचण वचनाची नाही, भुकेची आहे. वडील गेले त्या महिन्यात आमच्या वर्गात स्तोत्रांचे प्रकार चालले होते: विलापगीत, त्याचे भाग, त्याचा साचा. सगळं बरोबर होतं आणि मला त्यातलं काही नको होतं. शिवाय इथली 'निश्चित' मतंही म्हातारी होतात. मोशेची पुस्तकं, म्हणजे बायबलची पहिली पाच, चार स्रोतांतून विणली, हा जर्मन अभ्यासक वेलहाउझेनचा आराखडा शंभर वर्षं पाठ्यपुस्तकात होता. १९७०नंतर त्यालाच तडे गेले.

चौथी बैठकही आहे, भोगलेल्यांची. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईशज्ञानाची मांडणी सुरू केली, तेव्हा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातली भटक्या अरामी पूर्वजाची कबुली आपल्या पूर्वजांच्या शेजारी ठेवली. आधी दुःख आठवा, मग पुस्तक उघडा, अशी ती वाट. त्या बैठकीत मी बसलेले नाही, म्हणून इथेच थांबते.

मग बसायचं कुठे?

मिस्सा, स्नानसंस्कार, सणवार यांच्यासकट श्रद्धा हवी असेल आणि प्रत्येक वचनावर स्वतः निकाल द्यायची हौस नसेल, तर फादर. पुस्तक स्वतःच्या हातात यावं, पानं झिजावीत असं वाटत असेल तर पाळकसाहेब. प्रश्नांनी झोप उडत असेल तर इतिहास, पण ताज्या दुःखात अजिबात नको.

बहिणीला मी सांगितलं, पहिलं वर्ष सासरी बस. राहायचं तिथे आहे आणि माहेरी उत्तरं पुष्कळ ऐकून झालीत, आता पुस्तक वाच. सुटं वचन आलं की अख्खा अध्याय वाचायचा. पहिल्याच महिन्यात याकोब २:२४ विचारायचं. शिकवणारा चिडला तर बैठक बदलायची, अडखळला तर राहायचं. इतिहासाचा कोर्स दुसऱ्या वर्षी, माझ्या वह्या आहेत.

आता ती मंगळवारी अभ्यासवर्गाला जाते. सासूबाईंनी दिलेली प्रत घरी उशाशी, पिशवीत माहेरची ७३ पुस्तकांची. याकोबाचं तिने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं. पाळकसाहेब जरा थांबले, "पुढच्या मंगळवारी बोलू" म्हणाले, आणि निघताना तिच्याकडून ते बायबल मागून घेऊन गेले, टोबीत वाचायला, ते पुस्तक त्यांच्या प्रतीत नाही. अजून परत दिलेलं नाही.