पोरांना न घेता: खोपोली की बिडदी?

मुलांना घेऊन थीम पार्कात गेलेल्या नवरा-बायकोपैकी एकजण राइडमध्ये असतो आणि दुसरा पिशव्यांजवळ. आमच्यात पिशव्या बायकोच्या वाट्याला आल्या. काही वर्षांपूर्वी सगळे मिळून इमॅजिकाला गेलो, तेव्हा धाकटा उंचीच्या पट्टीखाली भरला आणि थोरलीनं नुसतं बघूनच नको म्हटलं. मी ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरमध्ये बसून आलो. ही चार पाण्याच्या बाटल्या, दोन टोप्या आणि एक रडकं पोरगं घेऊन बाकड्यावर. परत येताना साताऱ्यापर्यंत गाडीत शब्द नाही. साताऱ्याला कंदी पेढे घ्यायला उतरलो तेव्हा म्हणाली, “पुढच्या वेळी दोघंच यायचं.”

त्यानंतर दोघांनीच जाणं दोनदा झालं. एकदा खोपोलीच्या इमॅजिकाला, एकदा बेंगळुरूजवळ बिडदीच्या वंडरलाला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या माणसाला हा पेच पडतोच, कारण आपण बरोबर दोन्हींच्या मधे आहोत. गोवा का नाही, असं कुणी म्हणेल. चोर्ला घाट उतरला की गोवा. पण बेळगावकराला गोवा म्हणजे परसदार. तिथं निवांत बसावं तर शेजारच्या टेबलावर आपल्याच गल्लीतला कुणीतरी निघतो.

तिकिटाचे दर आणि राइड्सची यादी फोनवर मिळते, ती इथं देत नाही. पार्कांबद्दलही थोडक्यातच सांगतो, कारण आमचा निर्णय पार्कांवरून झालाच नाही.

इमॅजिका 2013 साली सुरू झालं आणि तिथं ‘थीम’ हा शब्द नावापुरता नाही. जवळजवळ प्रत्येक राइडमागे गोष्ट आहे. राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडं सापडली तो आपला देशी डायनासोर, त्याच्या तावडीतून होडी सुटते. ‘आय फॉर इंडिया’त खुर्च्या भल्यामोठ्या पडद्यापुढे अधांतरी लोंबतात आणि देशभरावरून फिरवून आणतात, ही त्यात दोनदा बसली. नायट्रो स्विस कंपनीची, पायाखाली फळीसुद्धा नाही. माझी वीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये गेली, त्यामुळे रांगेत उभं राहून वेल्डिंगचे जोड बघायची खोड आहे. नायट्रोचा रूळ बघून मी नुसती मान डोलावली.

वंडरला 2005 चं. तिथं कथा-बिथा काही नाही. झाडी मात्र भरपूर, आणि कोरड्या राइड्स, पाण्याच्या राइड्स सगळं एकाच तिकिटात. इमॅजिकाचं वॉटर पार्क वेगळं, त्याचं तिकीटही वेगळं. वंडरलाच्या काही राइड्स कंपनी स्वतःच्या कारखान्यात बनवते, ह्याचं उद्यमबागवाल्याला कौतुक वाटणारच. ‘रिकॉइल’ नावाची एक आहे. पुढे नेते, पिळून काढते, थांबते, आणि त्याच रुळावरून उलटी आणते. उलटं येताना समोर काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही. आकारानं नायट्रोपुढे ती लहानच, पण माझ्या पोटाला विचाराल तर ते हिचंच नाव घेईल.

तरी नुसत्या पार्काची तुलना केली तर इमॅजिका वरचढ. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला मी पक्षपाती वाटणार नाही. वाटलो तर नाइलाज आहे.

कधी जायचं, ह्याचा आपल्याला एक फायदा आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपली पोरं मराठी शाळेत असली तरी सुट्ट्या कर्नाटकाच्या. दसऱ्याला लांब सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी मेअखेर संपते. महाराष्ट्रात दसऱ्याला एखादाच दिवस, लांब सुट्टी दिवाळीला, आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत पोरं आजोळी धाडली, तर त्याच आठवड्यात खोपोलीला मधल्या वारी गर्दी कमी असते. तेव्हा वंडरलाचं नाव काढू नका. कर्नाटकातली सगळी पोरं मोकळी आणि तो रस्ता म्हैसूरच्या दसऱ्याला जाणारा. उलट जूनचा पहिला पंधरवडा वंडरलासाठी बरा. आपली पोरं शाळेत, बेंगळुरूची पोरं शाळेत, आणि हवा आपल्या बेळगावसारखीच. खोपोलीला त्या वेळी एकतर घामाच्या धारा नाहीतर पावसाच्या, आणि मोठ्या पावसात उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. आम्ही दोन्हीकडे मंगळवार गाठला. रांग दहा-पंधरा मिनिटांपलीकडे गेली नाही, त्यामुळे जादा पैसे भरून रांग टाळायचं तिकीट घ्यायची वेळच आली नाही.

आता मुख्य गोष्ट. रस्ता.

बेळगावहून पुणे साडेतीनशे किलोमीटर धरा, वर एक्सप्रेसवेनं घाट उतरून खोपोली आणखी ऐंशीच्या आसपास. गाडी स्वतःची असेल तर सकाळी निघून संध्याकाळी पोहोचता येतं, हायवेचं काम आणि डायव्हर्जन धरूनसुद्धा. आता हुबळी-पुणे वंदे भारत आठवड्यातले तीन दिवस बेळगाववरून जाते, ती दुपारी पुण्यात सोडते, पुढे टॅक्सी. कागदावर सगळं ठीक आहे.

पण हा रस्ता आमच्या नातेवाइकांच्या दारातून जातो. निपाणीत मेव्हणी, कोल्हापुरात आत्या, कऱ्हाडला साडू, पुण्यात चुलतभाऊ दोन. सीमाभागातल्या मराठी घराची ही गतच आहे; लेकी तिकडे दिल्या, सुना तिकडून आणल्या, आणि हायवे जणू त्यासाठीच बांधला. घरी आम्ही ‘पुण्याला एका लग्नाला चाललोय’ एवढंच सांगितलेलं. पोरं आईपाशी. बायकोनं निपाणीत बहिणीला फक्त पाच मिनिटं भेटायचं म्हटलं, आणि बहिणीनं आम्ही निघाल्या निघाल्या कोल्हापूरला फोन लावला असणार. कारण कोगनोळीचा टोलनाका ओलांडतोय तोच आत्याचा फोन. “आरं, दारावरनं जाताय आन् येत न्हाईस? भाकरी थापायला घेतल्यात.”

आत्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. गेलो. तांबडा, पांढरा, सगळं झालं. दुसऱ्या वाढपाला तिनं विचारलं, “पोरं कुठायत?” मी म्हटलं, शाळा आहे. “आन् लग्न कुणाचं?” ही माझ्याकडे बघायला लागली, मी रश्श्याकडे. लग्न कुणाचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. शेवटी हिनं खरं सांगून टाकलं. आत्या मिनिटभर गप्प राहिली, मग म्हणाली, “पोरास्नी ठेवून तुमी दोघं पाळण्यात बसणार व्हय?” रागावली नाही, तोच त्रास. हसली, आणि पोरांसाठी म्हणून डब्यात लाडू भरून दिले. ते लाडू मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून ठेवल्यासारखे, खोपोलीपर्यंत आमच्याबरोबर आले.

पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी नायट्रोच्या रांगेत, अगदी दोन माणसं पुढे उरलेली असताना, व्हिडिओ कॉल. धाकटा. आत्यानं आईला सांगितलं होतं, आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पण आई फोनवर मोठ्यानं बोलते. “बाबा, लग्न नायट्रोत आहे काय?” असं त्यानं विचारलं. थोरली मागून नुसती बघत होती, ते जास्त वाईट. आम्ही बसलो नायट्रोत, दोघं शेजारी शेजारी, इतक्या वर्षांचं देणं फिटलं. पण उतरल्यावर हिनं पहिलं वाक्य काय म्हटलं तर, “तेव्हा तो इथंच रडत बसला होता ना, ह्या बाकड्यावर?” पुढचा अर्धा दिवस ती प्रत्येक कोपऱ्यात ‘इथं थोरली पडली होती’, ‘इथं ह्याला आइस्क्रीम घेतलं होतं’ करत फिरली.

ह्यात इमॅजिकाचा काहीएक दोष नाही. तुमचे नातेवाईक धारवाडकडे असतील तर हा सगळा परिच्छेद उलटा वाचा.

बिडदीचं गणित वेगळं. रात्री नऊच्या सुमाराला बेळगावहून बेंगळुरूची सुपरफास्ट सुटते, डब्यात बसून घरची चपाती-भाजी खायची, झोपायचं, सातच्या आगेमागे बेंगळुरू. वाटेत हुबळी येतं, पण मध्यरात्री कोण फोन करतंय. पहाटेची नवी वंदे भारत, 2025 मध्ये सुरू झालेली, वेगवान आहे खरी, पण ती दुपारी पोहोचवते आणि त्या दिवसाचं पार्क बुडतं. ह्या कामाला जुनी रात्रीचीच बरी. बेंगळुरूचं स्टेशन आपल्याच जिल्ह्यातल्या संगोळ्ळी रायण्णाच्या नावाचं, आणि तिथूनच मेट्रोची जांभळी लाइन 2023 पासून थेट चल्लघट्टापर्यंत जाते. गाडी बदलायची नाही. पुढचा थोडा टप्पा बसनं किंवा रिक्षानं. पार्क अकराला उघडतं, म्हणजे मधे तीन-चार तास हातात राहतात, आणि ते वाया जात नाहीत, कारण बिडदीची तट्टे इडली. ताटाएवढी, मऊ, वर लोण्याचा गोळा. आम्ही दोघांनी कुणाचंही ताट न आवरता, कुणाला ‘अजून एक घास’ न म्हणता नाष्टा केला. तासभर बसलो. सहलीतला मला सर्वांत आठवणारा तास तोच, आणि तेव्हा पार्क उघडलंसुद्धा नव्हतं.

वंडरलाच्या अडचणी नाहीत असं नाही. पाण्याच्या राइडला नायलॉनसारखे सिंथेटिक कपडेच लागतात. सुती चालत नाही, साडी-पंजाबी ड्रेस तर नाहीच. चाळिशीतल्या बाईला हा विषय नाजूक असतो. हिनं खडेबाजारात तीन दुकानं फिरून लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा ड्रेस घेतला आणि तरी पहिला अर्धा तास टॉवेल सोडला नाही. मग रेन डान्समध्ये तिच्या आईच्या वयाच्या चार बायका नाचताना दिसल्या, तेव्हा टॉवेल माझ्याकडे आला. म्हणजे ह्या वेळी पिशवी सांभाळणारा मी. दुसरं, ओले कपडे रात्रीच्या गाडीतून आणायचे म्हणजे जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या लागतात. एकीत ठेवलं तर बर्थखाली ओघळ येतो, सांगून ठेवतो. तिसरं, त्याच रात्री परतीची गाडी पकडता येते, पण धावपळ होते. पार्कालगत त्यांचंच रिसॉर्ट आहे. एक रात्र राहिलात तर जिवाला बरं, खिशाला नाही.

आणि कंबर. खोपोलीला आठ-नऊ तास गाडी चालवून दुसऱ्या दिवशी राइडमध्ये बसलो, तेव्हा माझी कंबर आठवडाभर कुरकुरली. बिडदीला झोपून गेलो, झोपून आलो, सोमवारी रात्री निघून गुरुवारी सकाळी मशीनवर उभा होतो. हे काही शास्त्र नव्हे, एका माणसाची एक कंबर आहे.

तुम्हाला एकदाच जायचं असेल, पार्क म्हणून सर्वांत दिमाखदार तेच बघायचं असेल, आणि हायवेवर तुमचं कुणी नसेल, तर खोपोलीला जा. मी अडवणार नाही. एरवी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी, बेंगळुरूची तिकिटं काढून बघावीत. सीमाभागातल्या मराठी माणसानं महाराष्ट्र सोडून बेंगळुरूची शिफारस करणं आमच्या गल्लीत मनावर घेतलं जाईल, म्हणून हे जरा हळू आवाजात.

तिकडे कुणीच काही विचारत नाही, असं मात्र समजू नका. ‘स्काय व्हील’च्या रांगेत मागे एक बेंगळुरूची बाई उभी होती. हिच्याशी दोन शब्द बोलली, मग इकडेतिकडे बघून विचारलं, “मक्कळु इल्वा?” पोरं नाहीत का, सोबत? ही आपल्या बेळगावी कन्नडमध्ये म्हणाली, “इल्ल री.” नाहीत, हो. त्या बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. हिचा हात हातात घेऊन तिनं एका देवळाचं नाव सांगितलं, कुठल्या वारी जायचं ते सांगितलं, काय नवस बोलायचा तेही. काय झालंय हे आमच्या लक्षात येईपर्यंत पाळणा वर गेला होता, आणि ही इतकी हसत होती की वरून बेंगळुरू बघायचंच राहिलं.

पण त्या बाईनं आमच्या आईला फोन केला नाही.