कपिंगचे डाग की जीभ?

शांघायला नोकरी करणारी माझी भाची तिथल्या पारंपरिक दवाखान्यात जाणार आहे. तिचा प्रश्न: "मावशी, दुखणं ओळखायला पाठीवर पेले लावून घेऊ, की नुसती जीभ दाखवू?"

चिनी वैद्यकात परीक्षेचे चार मार्ग आहेत: पाहणे, ऐकणे-हुंगणे, विचारणे, स्पर्श. जीभ 'पाहण्या'त येते आणि तिची परंपरा भक्कम आहे. 1341 मध्येच तिथे 36 जिभांच्या चित्रांचा ग्रंथ तयार झाला होता. कपिंग, म्हणजे पेले लावून त्वचा आत ओढून घेणे, हा मुळात उपचार; निदान त्याच्या मागून येते. गडद जांभळा डाग म्हणजे रक्त साकळलेले, लालभडक म्हणजे उष्णता, फिकट म्हणजे अशक्तपणा, पेल्यात पाण्याचे थेंब म्हणजे ओलावा, असे वाचन करतात.

माझी अडचण इथेच आहे. डाग म्हणजे ओढीने केशवाहिन्या फुटून त्वचेखाली आलेले रक्त. पेला जोरात ओढला, पाचऐवजी पंधरा मिनिटे ठेवला, की त्याच पाठीवर रंग गडद होतो. मग तो रंग आजाराचा की पेल्याचा?

जीभही फसवते. कॉफी, बीट, पिवळा दिवा पुरेसे आहेत. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाहता येते. डाग मात्र आठवडा-दोन आठवडे राहतात.

पाठ आखडली असेल आणि मोकळे वाटावे एवढेच हवे असेल, तर कपिंग घे, रंगाचा अर्थ लावू नकोस. वैद्याची पद्धत समजून घ्यायची असेल तर जीभ दाखव. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पेले नकोतच. आणि दुखण्याचे कारण हवे असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घे.