मकरपुऱ्यातला पीएलसी क्लास: शिकवण्याला पाच स्टार, नोकरीच्या आश्वासनाला एक

इलेक्ट्रिकल डिप्लोमा संपला तेव्हा मोटरचं स्टार्ट-स्टॉप सर्किट मी वहीत झोकात काढायचो. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) एका पॅनेलवाल्याने (यंत्रांच्या विजेच्या पेट्या बनवणारा) इंटरव्ह्यूला स्क्रूड्रायव्हर हातात दिला, "जोडून दाखव." 10 मिनिटांनी त्यानेच तो परत घेतला. त्याच आठवड्यात मी इथे, या पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा कॉम्प्युटर) क्लासला नाव घातलं. 3 महिने, 22 हजार, संध्याकाळी 7 ते 9.

पहिले आठ दिवस कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, पुशबटणं आणि वायर, बस. फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) न लावता टोक अडकवलंत तर सर सगळं उपटून टाकतात. सर दांडिया बाजारचे, मराठी-गुजराती एकाच वाक्यात बोलतात.

मग पीएलसी. लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची चित्रांची भाषा, रिलेच्या (विजेने चालणारे स्विच) सर्किटसारखी का दिसते, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. 1968 साली जनरल मोटर्सला रिलेची पॅनेलं दर नव्या मॉडेलला पुन्हा वायर करण्याचा वैताग आला, त्यातून हे यंत्र निघालं; आणि कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून भाषाही त्याच्याच ओळखीची ठेवली.

स्टॉपचं बटण एनसी (न दाबता सर्किट जोडलेलं) का, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. सरांनी मोटर चालू असताना स्टॉपची वायर टर्मिनलमधून काढली. मोटर थांबली. मग एनओ (न दाबता सर्किट तुटलेलं) बटण लावून, प्रोग्रॅम तसा बदलून, पुन्हा वायर काढली. मोटर चालूच. बटण दाबा, काही होत नाही. "आता आत कुणाचा तरी हात आहे असं समज," एवढंच म्हणाले. (एनसी बटण लॅडरमध्ये मात्र एनओ काढायचं असतं. निम्मी बॅच तिथे आपटली, मीही.) टाकीची पातळी सांगणाऱ्या सेन्सरच्या 4 ते 20 मिलिअँपिअर सिग्नलचंही तसंच: 4 म्हणजे टाकी रिकामी, 0 म्हणजे वायर तुटली.

आता रडगाणं. 11 जणांत पीएलसीचे संच दोनच, त्यामुळे अर्धा वेळ दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचं. स्काडा (कॉम्प्युटरच्या पडद्यावरून यंत्रांवर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर) शेवटच्या आठवड्यात उरकला. फलकावर "100 टक्के प्लेसमेंट" लिहिलंय. मला दोन फोन आले, एक विक्रीच्या कामाचा, दुसरा दहेजला कंत्राटदाराकडे 12 तासांच्या शिफ्टचा. त्या पाटीवर पैसे भरू नका.

नोकरी मी माझी शोधली. त्याच पॅनेलवाल्याकडे परत गेलो, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. सुरुवात 14 हजारांवर वायरिंगने, आता साइटवर कमिशनिंगला (बसवलेलं पॅनेल तपासून चालू करून द्यायला) जातो. आईला अजून वाटतं मी इन्व्हर्टर दुरुस्त करतो.

नाव घालणार असाल तर शनिवार-रविवारची बॅच टाळा. ती सरांचा जुना विद्यार्थी घेतो, आणि तो वायर उपटत नाही.