सिंगापूर ते न्यूअर्क: आईवडील सोबत असतील तर थेटच जा

सिंगापूरहून न्यू जर्सीला जायचं आहे आणि सोबत सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे? मग सिंगापूर एअरलाइन्सचं थेट न्यूअर्कचं विमान घ्या. तिकीट महाग आहे, तरीही घ्या. आईला घेऊन एडिसनला भावाकडे गेले, त्या अनुभवावरून सांगते.

अंतर 15,344 किलोमीटर, वेळ साधारण साडेअठरा तास. ही सेवा 2004 मध्ये सुरू झाली तेव्हा चार इंजिनांचं ए340-500 उडायचं. ते इंधन फार पीत असे, म्हणून 2013 मध्ये बंद पडली. 2018 च्या ऑक्टोबरात दोन इंजिनांच्या ए350-900 यूएलआरवर (यूएलआर म्हणजे अतिलांब पल्ल्याचं) पुन्हा सुरू झाली. या विमानात 1,65,000 लिटर इंधन मावतं, नेहमीच्या ए350-900 पेक्षा 24,000 लिटर जास्त. एवढं वजन उचलायचं म्हणून आसनं फक्त 161: 67 बिझनेस, 94 प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच, त्यामुळे भाडं तिथूनच चढतं.

प्रीमियम इकॉनॉमीत 2-4-2 अशी रांग असते. दोघं असाल तर खिडकीकडची जोडी धरा, मधल्या चारात अडकू नका. एकटे असाल तर अगदी मागच्या रांगांत खिडकीला एकेकटी आसनं आहेत. शेजारी कोणी नाही, शिवाय सामान ठेवायला बाजूला कप्पा. ती लवकर जातात.

विमान रात्री उशिरा निघालं आणि पॅसिफिकवरून पूर्वेकडे गेलं. त्यामुळे वाटेत रात्र, मग आखूड दिवस, मग पुन्हा रात्र. आईने पडदा जरासा वर करून विचारलं, "अगं, हे उजाडतंय की मावळतंय?" मावळतच होतं. न्यूअर्कला उतरलो तेव्हा पहाट होती. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या वेळेत बरोबर बारा तासांचा फरक असतो, त्यामुळे आईला घड्याळाचे काटे हलवावे लागले नाहीत.

शाकाहारी जेवण आधी नोंदवलं होतं. वरणासारखी डाळ, भात, भाजी सगळं गरम आलं आणि आई पोटभर जेवली. मधल्या लांब पट्ट्यात ती दर दोनेक तासांनी उठून मागे गॅलीपाशी, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापाशी, उभी राहायची. कर्मचारी मुली तिला "आंटी" म्हणत कोमट पाणी आणून द्यायच्या. एवढ्या प्रवासात पाय सुजतात, म्हणून हे उठणं टाळू नका, पायांवर दाब देणारे पायमोजे डॉक्टरांना विचारून घ्या.

सिंगापूर एअरलाइन्सचंच फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जाणारं विमानही आहे. त्यात इकॉनॉमी मिळते, पैसे वाचतात. पण मध्ये उतरा, पुन्हा तपासणीला उभे राहा, पुन्हा चढा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेच जड जातं. थेट विमानाला व्हीलचेअर सिंगापूरच्या चांगी विमानतळावर एकदा आणि न्यूअर्कला एकदा, एवढंच. ती तिकिटासोबतच नोंदवून ठेवा.

तरुण असाल, एकटे असाल, तर फ्रँकफर्टमार्गे खुशाल जा.