अंध वाचकांसाठीची डिजिटल लायब्ररी वर्षभर चालवल्यावर: रेकॉर्डिंगला रांग लागते, प्रूफ तपासायला माणूस मिळत नाही

सांगलीत आमची एक छोटी संस्था आहे, तिच्या डिजिटल लायब्ररीचं रोजचं काम मी बघते. म्हणजे पुस्तक मिळवायचं, स्कॅन, ओसीआर (स्कॅनच्या चित्रातून मजकूर काढणं), प्रूफ, फाइल तयार करायची आणि शेवटी वाचकाच्या मोबाइलवर ती नीट उघडतेय ना हे बघायचं. वर्ष होत आलं आता. मधूनमधून कुणीतरी विचारतंच की आम्हालाही आमच्या गावात असं सुरू करायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, खर्च किती येतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आधी सॉफ्टवेअरचं सांगते कारण ते पटकन संपतं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) पूर्ण फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सुरू केला आणि आज आमचे बहुतेक विद्यार्थी त्याच्यावरच आहेत. अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच, गुगलचा मराठी आवाज डाउनलोड केला की झालं. वर्डच्या फाइलचं ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करायला डेझी कन्सॉर्शियम या अशाच पुस्तकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं वर्डटूईपब, तेही फुकट, आणि ते ईपब अंध वाचकाला नीट वापरता येईल का तपासायला त्यांचंच एस (Ace). स्कॅनर मात्र बरा घ्या. मोबाइलने काढलेले फोटो घाईत चालतात पण जाड पुस्तकाचं पान बाइंडिंगपाशी वाकतं आणि नेमका तिथला मजकूर ओसीआर खातं. ३०० डीपीआयला, पान सपाट दाबून. बस, खर्चाचा भाग इथेच संपला.

बाकी सगळं माणसांवर चालतं आणि खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

लायब्ररीबद्दल कुठेही दोन ओळी छापून आल्या की फोन यायला लागतात, आणि दहातले आठ-नऊ जण हेच म्हणतात की माझा आवाज चांगला आहे, मला अंध मुलांसाठी पुस्तक रेकॉर्ड करायचंय. मनापासून म्हणतात, त्यात काही शंका नाही, निवृत्त शिक्षिका असतात, नाटकात काम केलेले असतात, कॉलेजची मुलं असतात. त्यांना मी सांगते की रेकॉर्डिंग नको, प्रूफ तपासाल का, तर समोरचा जरा गप्प होतो. कारण रेकॉर्डिंगमध्ये आपण कुणालातरी काहीतरी वाचून दाखवतोय असं वाटतं, आणि प्रूफमध्ये नुसतं स्क्रीनकडे डोळे लावून ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बघत बसायचं, कौतुक करायलाही कुणी नाही. पण अभ्यास करणाऱ्या वाचकाला हवं असतं ते हेच, नीट तपासलेलं टेक्स्ट.

का ते सांगते. आमचा एक वाचक राज्यसेवेची तयारी करतोय, जन्मापासून दिसत नाही. तो आमच्याकडे बसून वाचतो तेव्हा शेजारच्याला काही कळत नाही, आवाजाचा वेग इतका वाढवलेला असतो की आपल्याला नुसती कुरकुर ऐकू येते, आणि त्याला प्रत्येक शब्द समजत असतो. रेकॉर्ड केलेला आवाज त्या वेगाला नेला की त्याचं काही उरत नाही. दुसरं म्हणजे तो मध्येच थांबतो, बाण दाबत एकेक अक्षर ऐकतो, एखाद्या नावात नेमका कुठला ण आहे, कुठला ष आहे ते बघतो. परीक्षेत त्याला लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, पण लेखनिकाला नाव कसं लिहायचं ते सांगावं लागतं यालाच ना, आणि ऐकलेल्या ध्वनिफितीतून शुद्धलेखन कळत नाही. तिसरं, शोध. ‘कुळकायदा’ हा शब्द पुस्तकात कुठे कुठे आलाय ते टेक्स्टमध्ये दोन सेकंदात सापडतं, दहा तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये कसं शोधणार? तो मला एकदा म्हणाला, ‘ताई, गोष्ट असेल तर माणसाचा आवाज द्या, छान वाटतं. अभ्यासाला टेक्स्टच द्या, तिथे मला ऐकायचं नसतं, वाचायचं असतं.’ मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला हे वाक्य जसंच्या तसं सांगते.

आणि टेक्स्ट म्हणजे फक्त अंध वाचकांसाठी असंही नाही. डिस्लेक्सिया असलेली मुलं आहेत, त्यांना अक्षरं मोठी, ओळीत जास्त अंतर आणि ऐकता ऐकता वाचलेला शब्द रंगात उठून दिसला की खूप फरक पडतो. हातात पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही असे वाचक आहेत. अंधुक दिसणारे आहेत, ते फॉन्ट इतका मोठा करतात की स्क्रीनवर चार शब्द मावतात. ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर ब्रेलच्या टिंबांत उमटवणारं यंत्र) वापरणारे आहेत. एक स्वच्छ टेक्स्ट फाइल या सगळ्यांना पुरते, रेकॉर्डिंगने यातल्या काहींचंच काम भागतं.

आता ओसीआर. मराठी ओसीआर पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय, गुगल ड्राइव्हमध्ये फाइल टाकून डॉक्समध्ये उघडली तरी बरंच हाती लागतं, टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामलाही मराठीचा वेगळा डेटा आहे. तोच निवडा, हिंदीवर ठेवलं तर ळ ची वाट लागते. पण ‘बरंच’ म्हणजे किती हे एकदा पान समोर ठेवून बघावं. घ चा ध होतो, भ चा म होतो, थ चा य. ‘दुसऱ्या’ चं ‘दुसया’ होतं. रफार उडतो. अनुस्वार उडाला की ‘मुलांना’ चं ‘मुलाना’, हे ऐकून समजतं तरी, पण ‘नाही’ मधला ‘ना’ ओळीच्या शेवटी आणि ‘ही’ पुढच्या ओळीला गेला तर वाक्याचा अर्थच फिरतो. सगळ्यात वाईट आकडे. आपला देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळपास सारखे, त्यामुळे १९०५ चं ९९०५ होतं, देवनागरी पाच हा इंग्रजी चार होतो आणि १८५७ चं साल तर ओळखूच येत नाही. डोळस माणूस असं पान बघितल्यावर हसून पुढे जाईल, त्याला छापील पुस्तक बघून खात्री करता येते. आमच्या वाचकाकडे खात्री करायला दुसरं काही नसतं, फाइल जे सांगेल तेच पुस्तक. म्हणून इतिहास, अर्थशास्त्र, कायदा यांच्यातले सगळे आकडे आम्ही वेगळे, मूळ पानाशी ताडून बघतो. वेळ जातो. जाऊ दे.

प्रकाशकाने मूळ फाइल दिली तर ओसीआरची मेहनत वाचेल असं वाटतं, आणि काही प्रकाशकांनी खरंच मोकळ्या मनाने फाइल दिल्यात, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण मराठीत बरीच वर्षं पुस्तकं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (आजच्या युनिकोड या अक्षरपद्धतीत न बसणाऱ्या) जुळवली गेली, श्रीलिपी वगैरे, त्यामुळे फाइल उघडून कॉपी केली की हाती येतो रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. स्क्रीन रीडर तो काला इमानेइतबारे वाचून दाखवतो. कन्व्हर्टर आहेत, बऱ्यापैकी चालतात, पण ऱ्य, ऱ्ह, जोडाक्षरं आणि पहिल्या वेलांटीची जागा यात चुका राहतातच. म्हणजे फिरून प्रूफ आलंच.

नुसतं शुद्ध टेक्स्टही पुरत नाही, हे बाहेरच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. एनव्हीडीएत एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर जाता येतं, पण हेडिंग वर्डमध्ये हेडिंग स्टाइलनेच दिलेलं असेल तर. अक्षर ठळक आणि मोठं केलं की डोळ्यांना हेडिंग दिसतं, स्क्रीन रीडरसाठी तो साधा परिच्छेदच राहतो. मग चारशे पानांच्या पुस्तकात सातवं प्रकरण कुठे आहे ते शोधायला माणूस बाण दाबत बसतो. प्रत्येक पानाच्या वर छापलेलं पुस्तकाचं नाव काढून टाकावं लागतं, नाहीतर दर पानाला वाक्याच्या मध्येच पुस्तकाचं नाव ऐकू येतं. पान नंबर मात्र ठेवायचे, मूळ पुस्तकातलेच, कारण वर्गात सर म्हणतात पान ८४ काढा आणि सगळ्यांबरोबर त्यालाही ८४ वर जाता आलं पाहिजे. तळटीपा जागेवर. चित्र असेल तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत. ‘येथे नकाशा आहे’ हे वर्णन नव्हे, नकाशा कशाचा आणि त्यातून काय कळतंय ते लिहायला हवं.

कायद्याचं दरवेळी विचारलं जातं म्हणून तेही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं, त्यानुसार अपंग वाचकांसाठी सुगम, म्हणजे त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही, पण संस्था ना-नफा तत्त्वावर काम करणारी हवी, फाइल फक्त अशा वाचकांनाच मिळाली पाहिजे आणि ती बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायला हवी. त्यामुळे आम्ही अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) बघूनच सभासद करतो, आणि कुणी कितीही गोड बोलून ग्रुपवर फाइल टाका म्हणालं तरी टाकत नाही. मराकेश कराराचं नाव ऐकलं असेल, अंध वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणूनचा हा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, तो मंजूर करणारा पहिला देश भारतच, आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे. त्यामुळे देशादेशांत अशा पुस्तकांची देवाणघेवाण करता येते.

आणि पुस्तक हातात घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय बघाच बघा. २०१६ मध्ये सुरू झालेली ही ऑनलाइन लायब्ररी आहे, डेझी फोरम ऑफ इंडियाशी जोडलेल्या संस्थांची पुस्तकं तिथे एकत्र येतात. आपण स्कॅनिंगला महिना घालवावा आणि तेच पुस्तक तिथे आधीच असावं, असं व्हायला नको. आपण केलेलंही तिकडे गेलं पाहिजे, सांगलीतल्या कपाटात ठेवून उपयोग काय, नांदेडच्या मुलाला तेच पुस्तक हवंय. इंग्रजीसाठी बुकशेअर, अमेरिकेतल्या बेनेटेकने २००२ मध्ये सुरू केलं, तेही सुरुवातीला अशाच स्कॅन करणाऱ्या, प्रूफ तपासणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिवावर उभं राहिलं आणि आज तिथे दहा लाखांवर पुस्तकं आहेत. मराठीचा विश्वकोश युनिकोडमध्ये ऑनलाइन आहे, स्क्रीन रीडर तो थेट वाचतो, हे आमच्या कितीतरी नव्या सभासदांना माहीतच नसतं.

स्वयंसेवक टिकवायचं कसं, यात मला जे उपयोगी पडलं ते असं की अख्खं पुस्तक कुणाला द्यायचं नाही. एक प्रकरण द्यायचं, तारीख सांगायची, सोबत पानांच्या इमेज द्यायच्या. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या पुस्तकांच्या साइटवर, पानांना रंग असतात, न तपासलेलं लाल, एकाने तपासलेलं पिवळं, दुसऱ्याने पुन्हा बघितलेलं हिरवं, ती पद्धत आम्ही साध्या एक्सेल शीटमध्ये उचलली आणि काम रुळावर आलं. दुसरा माणूस हवाच, कारण आपल्या डोळ्यांना चुकीचा शब्दही बरोबर दिसायला लागतो. माणूस विषयाचा असेल तर सोन्याहून पिवळं, एक निवृत्त तहसीलदार महसुलाची पुस्तकं बघतात, त्यांना कलमांचे आकडे नजरेनेच खटकतात. आणि पुस्तक झालं की ते वाचणाऱ्याने स्वयंसेवकाला फोन करावा असं मी सांगते, वाचक चुकाही सांगतात. एका काकूंना असा फोन आला की तिसऱ्या प्रकरणात ‘कर’ च्या जागी ‘घर’ राहिलंय, त्यांनी त्याच रात्री दुरुस्त करून पाठवलं आणि तेव्हापासून त्या एकदाही थांबलेल्या नाहीत.

रेकॉर्डिंगवर माझा राग नाही हे पुन्हा सांगते. उतारवयात दृष्टी गेलेली माणसं आहेत, त्यांना यांत्रिक आवाज सहन होत नाही, फोनवर बोटं फिरवणंही जमत नाही, त्यांच्यासाठी कथा-कादंबऱ्या, चरित्रं माणसाच्या आवाजातच हवीत आणि कवितेला तर माणूसच पाहिजे. बोलीतले संवादही, मालवणी किंवा वऱ्हाडी मशीन वाचतं तेव्हा ऐकवत नाही. तेवढी माणसं आमच्याकडे आहेत आणि ती सुंदर काम करतात. तेवढी पुरेत.

जमत नाही ते गणित. समीकरणं इमेज म्हणून राहतात, ती गणिताच्या एडिटरमध्ये नव्याने टाइप करावी लागतात आणि ते जाणणारा माणूस मिळणं फार अवघड, त्यामुळे दहावीनंतर विज्ञान घेऊ बघणाऱ्या अंध मुलीला आम्ही आज पुरेसं देऊ शकत नाही, याचा मला खरंच त्रास होतो. मोठे तक्तेही तसेच, कडेला वळवून छापलेला, खाने एकात एक मिसळलेला तक्ता साधा करायला दोन संध्याकाळी जातात. सध्या अर्थशास्त्राचं एक पुस्तक याच्यापायी अडलंय, मजकूर हिरवा झालाय, तक्ते लालच. वर्डमध्ये टेबल कसं करतात हे माहीत असलेला आणि अर्थशास्त्र कळणारा कुणी आठवड्याला दोन तास देऊ शकला तर परीक्षेच्या आधी ते पुस्तक मुलांच्या हातात पडेल.